तिसऱ्या भागापर्यंत थांबनारा मानूस

...अन् वरून लोक मलेच म्हनते, 'प्रफुल, या वयात कार्टून पाह्यतं काय बे?' आता सांगा! कार्टून! अरे बाप्पा, कार्टून नोहे ते, जपानी सिरीज होय, ॲनिमे म्हनते त्याले, अन् त्यातल्या त्यात मोठ्ठाल्या रोबोटायची. आता रोबोट म्हनलं का लोकायले वाटते छातीतून आगीचा गोळा अन् एका बुक्कीत डोंगर सपाट... तसं नाई ना! मी सांगून राह्यलो ते खऱ्यावानी हाय. यातला रोबोट चिखलात फसते! त्याचं तेल संपते! गुडघ्याचं बेरिंग गेलं त वरून स्पेअर येत नाई, अन् साहेब म्हनते, 'अर्ज करा'! म्हंजे आपला दारव्हा तालुकाच झाला ना हा, फक्त मशीन तीन माळ्याची. म्हून तुमाले सांगतो, नव्या मानसाले मी एकच म्हनतो... तीन भाग पाहा, मंग मले शिव्या द्या.

पह्यल्या भागात काई होत नाई, हे मीच कबूल करतो. दुसऱ्यात नुसत्या मिटिंगा. पन तिसऱ्यात ना... तिसऱ्यात लढाई सरते, सारे निंघून जाते, अन् तो पोरगा मशीनच्या पोटात एकटाच बसून रेडिओवर इचारते, 'कोनी हाय का?' अन् रेडिओ नुसता खरखर, खरखर. मले रडू आलं, खोटं कायले सांगू? माय-बाप गेले, भाऊ पुन्याले, घरात मी अन् टीव्ही. रडू आलं त सांगाव कोनाले? म्हशीले सांगतलं. तिनं कान हालवला.

म्हून म्या शाहिदले धरलं. शाहिद म्हंजे आमचा ट्रॅक्टर मिस्तरी, शाळेपासूनचा दोस्त. म्हनलं मशीनचा मानूस हाय, हा त बसनच! बसला. अन् मिनिटा-मिनिटाले, 'रुक, रुक! पह्यले ये बता, इसकी ग्रीसिंग कौन करता?' म्हनलं, दाखवते ना बे पुढं, पाह्य त खरं! 'नाही भाई, ये जोड इतना वजन लेताच नाही.' पह्यला भाग सरला अन् गडी उठला. 'प्रफुल, बुरा मत मान. दिनभर मशीन, अन् घरी येऊन फिर मशीन?' अबे, तीन भाग पाह्य, मंग मले शिव्या दे! तिथूनच शिव्या देत गेला.

मंग विमलताई. शेजारच्या. त्यायच्या हातच्या भाजीवरच जगून राह्यलो मी, म्हनलं मानूस मायेचा हाय. पन बोलनं जपानी, खालची अक्षरं इंग्रजी, म्हून सारे आवाज मीच काढून राह्यलो! 'साहेब, डावा पाय गेला!' 'मंग उजव्यावर ये!' 'साहेब, उजव्यात पानी शिरलं!' घसा बसला माहा. अन् विमलताई काय म्हनते? 'ते सारं राहू दे, तो पोरगा जेवला का?' म्हनलं, ताई, युद्ध सुरू हाय. 'मंग युद्धात जेवत नाई का? त्याच्या मायले फोन लावा म्हना कोनीतरी!' अन् दूध उतू जाईन म्हून गेल्या त गेल्याच.

आता तुमीच सांगा, मानसं बसवाची कशी? म्हनलं, आपल्या लोकायले पोटानं धरा. वावरात रोडगे लावतो! गोवऱ्यायच्या आरात भाजलेले कनकेचे रोडगे, वांग्याची भाजी, वरन, वरून तूप. रोडग्याले नाई म्हननारा मानूस वऱ्हाडात जलमाले यायचा हाय. अन् रोबोटाचं नाव काढलं त कोनी येनार नाई, म्हून नुसतं म्हनलं, 'दुपारी वावरात रोडगे हाय, या.' बस! एवढंच!

हेच चुकलं ना बाप्पा! अरे, आपल्याकडं उगामुगा रोडगे कोन लावते? नवस फिटला का लावते! अन् पस्तिशीच्या बिनलग्नाच्या पोट्ट्याचा नवस कायचा असन?... मले त तवा सुचलंच नाई. सारं गाव आलं. अर्ध्यायच्या हातात नारळ! म्हनलं, वा, टीव्हीले नारळ फोडते काय? विमलताईच्या पिशवीत चोळीचा खन. आमच्या भावकीतले सदाशिवराव काका जवळ आले, पाठीवर हात ठेवला, 'बापू, कुठची हाय?' मी आपला सिरीजच्या नादात... म्हनलं, 'जपानची, काका.' काकानं डोकं खाजवलं. मंग इचार करून म्हनते, 'जपानची त जपानची. आजकाल भेटून कुठं राह्यल्या!'

वावरातल्या गोठ्यात ताडपत्री बांधून अंधार केला, घरून आनलेला टीव्ही लावला, अन् काय सांगू, सारे चिडीचूप! पह्यला भाग पाह्यला. दुसरा पाह्यला. मिटिंगासुद्धा! माह्या डोळ्यात पानी. म्हनलं, पाह्य शाहिद, याले म्हनते पब्लिक! मले काय ठाऊक, हे सूनबाईची वाट पाहून राह्यले! टीव्हीवर बाई दिसली का कुजबुज, 'हेच का?' 'उंच हाय.' कॅप्टनबाई आली त कोनीतरी म्हनलं, 'वय झालं वाटते हिचं.' अन् फुलचंदभाऊ, आमचे सोयरीक जुळवनारे, ते त पह्यल्याच भागात जेवून सारा तालुका सांगाले निंघून गेल्ते!

अन् तिसरा भाग लागला. लागलाच नुसता! विमलताई म्हनते, 'आता सांग ना एकदाची, यातली आपली कोन्ती?'

मी म्हनलं, 'ताई, आपली कोन्तीच नाई. आपलं कोनीच नाई.'

काका म्हनले, 'लाजून राह्यला पोट्टा. चाला, ढोरं सोडाची हाय.' अन् उठले सारे! हात धुतले, गेले. मी वरडून राह्यलो, अरे, तीन भाग पाहा, मंग मले शिव्या द्या! विमलताईनं जाता जाता खन खाटेवर ठेवला, म्हने राहू दे, कामी येईन. मी बसलो एकटाच. त्या पोरानं इचारलं, 'कोनी हाय का?' अन् माह्या तोंडात रोडगा, तरी म्या म्हनलं, 'हाव बाप्पा, हाय ना मी.' त्याले कायचं आयकू येते!

दुसऱ्या दिवशी फुलचंदभाऊले फोन लावला, भाऊ, एखांदं स्थळ पाहा. त म्हनते, 'आता कायले? तुह्यं त जुळलं! म्या वहीतून तुह्यं नाव काटलं.' म्हनलं, भाऊ, ते सिरीज होय, रोबोटायची! 'बरं बरं, पोरगी काय काम करते ते तुमचं तुमी पाहा.'

पन एक सांगू? पह्यले मी बाजारात गेलो त लोक राम राम करून पुढं जात. आता थांबते! सारेच थांबते! चहा पाजते, खांद्यावर हात ठेवते, 'प्रफुल, कवा येते रे?' शाहिद गॅरेजातून हाक मारते, 'आई क्या भाभी?' सुरुवातीले खरं सांगतलं, त 'बरं' म्हनून निंघून गेले. आता कोनी इचारलं त मी चहा घेतो, लंबा श्वास सोडतो अन् सांगतो, 'काय सांगू बाप्पा... विसा अडकला.'