गिट्टिन्सांचं कॅरल

सन्माननीय अध्यक्ष पाद्री जार्मनसाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, जिच्या निरोपासाठी दुपारपासून चहाची किटली उकळते आहे ती माझी बालमैत्रीण एलुनेड गिट्टिन्स, आणि खोऱ्यातल्या माझ्या बंधुभगिनींनो,

बोलायला उभा राहिलो खरा, पण लक्ष खिडकीबाहेर आहे. एलुनेडबाईंना कायमचं कार्डिफला नेणारी भाचीची गाडी दारात सुरूच आहे.

वेल्सवरच्या पुस्तकासाठी मी दारोदार फिरतो, हे आपण जाणताच. मेंढ्यांच्या कानांवरच्या खुणा मिळाल्या, शेतांची जुनी नावं मिळाली. एकच गोष्ट हुकली. नाताळच्या पहाटे, याच चॅपलमध्ये, मेणबत्त्यांच्या उजेडात घराघराची मंडळी पुढे येऊन आपापलं कॅरल गातात. कोणी नाव पुकारत नाही, टाळ्या वाजत नाहीत, एका घरचं कॅरल दुसरं घर गात नाही. गिट्टिन्सांचं प्रथम ऐकलं, तेव्हा शाळेत घोकलेल्या साऱ्या कविता मला फिक्या वाटल्या होत्या! वरचा आवाज एलुनेडचा, खालचा तिच्या भावाचा, टेगविनचा. टेगविन गेला आणि ते गाणं थांबलं.

मी एलुनेडच्या घरी मदत मागायला गेलो. टेपरेकॉर्डर टेबलावर ठेवला मात्र, बाई कडाडल्या.

"ते आधी पिशवीत घाल, मेरविन. मांजर घाबरतंय."

"मांजर झोपलंय, एलुनेड."

"मग मी घाबरतेय! घरचं गाणं डब्यात भरून नेतोस?"

"तू गेलीस की ते राहणार कुठे?"

ती बराच वेळ पावाला लोणी लावत राहिली. मग म्हणाली, "लिहून नेणाऱ्याला मिळायचं नाही. शेजारी उभा राहील त्याचं बघू. पण तुझा आवाज म्हणजे गंजलेलं फाटक!"

'बघू' म्हणजे काय हो? होकार की नकार? तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. टेगविनचा खालचा आवाज आठवून आठवून मेंढरांपुढे घोटतोय, आणि मधली एक ओळ अजून निसटते. पुस्तकाचं राहू द्या. येत्या नाताळात गिट्टिन्सांची वेळ येईल आणि चॅपल नुसतंच गप्प राहील, ही धास्ती मला बसू देत नाही.

बोलावायची रीत नाही, म्हणून बाई, मी तुम्हाला बोलावत नाही. संयोजकांचे आणि मनुकांचा ब्रेड भाजणाऱ्या भगिनींचे आभार मानतो, पुस्तकाच्या टिपणांची वही इथेच ठेवतो, आणि टेगविन उभा राहायचा तिथे जाऊन उभा राहतो. शेजारची जागा मोकळी आहे. भाचीबाई, गाडी तेवढी बंद करा.

यापुढे जे चुकेल ते खालच्या आवाजात चुकेल. ते माझं समजून पोटात घाला.