दाराची फट

शिझुओकातल्या, छोटी मॉडेलं जोडायचं सामान विकणाऱ्या दुकानात फटी बुजवायच्या पुट्टीची ट्यूब घेऊन नात्सुए रांगेत उभी होती. पुढे एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची लेक.

“बाबा, करवत कशाला? रेल्वेगाडी जोडून झालीय की!”

“चालकाच्या दाराची फट तू बुजवलीस, ती उघडायचीय.”

“अहो, घासून घासून बोटं सोलवटली माझी! मला वाटलं, तुमचा हात थरथरतो म्हणून राहिली.”

“मुद्दाम ठेवली होती. मी चालवायचो त्या गाडीचं दार कधी नीट लागलंच नाही.”

“दुरुस्त करून नाही घेतलंत?”

“तुझी आई फलाटावर जेवण द्यायला यायची. गाडी सुटली तरी तिची बडबड त्या फटीतून ऐकू यायची.”

रांग पुढे सरकली.

“द्या ती करवत इकडे. मीच कापते. तुमचा हात थरथरतो.”