प्राध्यापकांची नमुना भेट

परदेशी विद्यार्थी सोलापुरात घरोघरी राहणार होते. ती घरं आधी पाहून यायला स्वयंसेवक तयार करायचं काम प्राध्यापक शरच्चंद्रांच्या गळ्यात पडलं. काल त्यांनी चौघांना सोबत नेऊन एक नमुना भेट करून दाखवली होती. भेट झकास झाली म्हणून स्वारी आज खुशीत स्टँडवर अक्कलकोट गाडीच्या रांगेत उभी होती. पुढं दोन बायका बोलत होत्या.

“काल आले की गं काशम्मा, पाच जण. फॉरेनची पोरगी ऱ्हायला येनार म्हनून घर बघायला.”

“मग?”

“मोरी बघितली, खिडक्या बघितल्या. म्होरक्या तर खाटंवर बसून खाट हलवून बघतोय!”

“अगं बाई! च्या तरी घेतला?”

“न्हाय. पानीबी न्हाय. नियम हाय म्हनं. शेंगापोळ्या तशाच ऱ्हायल्या की.”

“असल्यांना हाकलायचं, चंद्रव्वा!”

“लई मनात आलं. पन म्हनलं, ती पोरगी एवढ्या लांबनं यायची आन् असल्यांच्या हाती पडायची. पाठवा म्हनलं. माझ्याकडं पोटभर जेवंल तरी.”

शरच्चंद्रांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं, पण तेवढ्यात चंद्रव्वा वळली.

“अव्वा! तुमीच की!”

ती जराही ओशाळली नाही. पिशवीतला डबा उघडून तिनं पुढं केला.

“आता तरी घ्या. का हितंबी नियम हाय?”

“आहे ना,” शरच्चंद्र म्हणाले. “मीच केलाय.”

आणि त्यांनी दोन पोळ्या उचलल्या.