काकूचा चष्मा

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक आत्या आणि तिची भाची नंबराची वाट पाहत बसल्या होत्या.

“आत्या, बाबांची कादंबरी वाचलीस?”

“तू सांग ना, काय आहे तिच्यात?”

“दोनशे वर्षांपूर्वीची हवेली, आणि गुप्तहेर कोण? नऊ वर्षांची पोर! काकू गच्चीवरून पडून मरते. सगळे म्हणतात, तोल गेला. ही म्हणते, काकूला अंधारात दिसत नाही आणि तिचा कंदील तर खोलीतच आहे. म्हणजे तिला कुणीतरी वर नेलं.”

“कंदील नव्हता गं. चष्मा होता, उशीखाली.”

“म्हणजे?”

“काही नाही. मग?”

“मग ती काकांकडे बोट दाखवते. कुणी ऐकत नाही. तेवढ्यात तिचा धाकटा भाऊ पुढे येतो, ‘मीही पाहिलं, काकाच तिला वर घेऊन गेले!’ हसतेस काय?”

“मला आईनं थोबाडीत दिली होती. मी रडत म्हटलं, याला विचारा, यानंही पाहिलंय.”

“बाबांना?”

“तो म्हणाला, ताईला गोष्टी रचायची सवयच आहे. झालं, माझी रवानगी वसतिगृहात. काका त्याच घरात सुखानं म्हातारे झाले.”

“आत्या, बाबांना तू कधी काहीच बोलली नाहीस?”

“कादंबरी वाचली त्याच दिवशी फोन केला. विचारलं, म्हणजे तेव्हा तू पाहिलं होतंस ना रे?”

“काय म्हणाले?”

“म्हणाला, ताई, सगळं काल्पनिक आहे. पहिल्याच पानावर छापलंय.”