लाइनमनच्या पिशवीतले अर्ज

आमचं गाव औशाकडलं, भूकंपात गेलं ते. आता हाय ते नवं गाव, सरकारनं बांधून दिलेलं, सगळी घरं सारकी, सगळे रस्ते सारके, नवा मानूस आला की घंटाभर तिथंच गरगर फिरून राहतो. माझा बाप सालगडी. मी सातवी नापास. शाळेत बसायला जागा व्हती, डोक्यात न्हवती, दुसरं काय. मंग टेलिफोन खात्यात रोजंदारीवर लागलो, खांबाचे खड्डे खंदायला. नागनाथ, खंद, म्हनलं की खंदायचं.

भूकंप झाला तेवा मी कामावर लातूरजवळ मुरुडला व्हतो. पहाटं जमीन हालली, आमी गडीमानसं भाईर पळालो, थोडा वेळ उभं राहिलो आन् परत आत येऊन झोपलो. झोपलो बगा मी. दहाच्या सुमाराला दुधाचा जीपवाला आला आन् म्हनला औशाकडली गावं गेली. मी पोचलो तर दुपार झालती. बायकोला, सुलोचनाला, भाईर काढून लिंबाखाली निजवलं व्हतं. बायांनी सांगितलं की ती दिवस उगवल्यावरबी बोलत व्हती, पानी मागत व्हती. माझी माय आन् लेक वट्ट्यावर निजल्या व्हत्या म्हनून वाचल्या. लेक तीन वर्साची.

तवापून एकच गोष्ट माझ्या डोक्यात बसली. गावात एक जरी फोन असता तर औशाहून दवाखान्याची गाडी आली असती, ती वाचली असती. कुनी कायबी म्हनू द्या, माझं ठरलं व्हतं. पुडं नव्या गावात एक्स्चेंज आलं, एका खोलीचं, आन् मी तिथंच लाइनमन म्हनून कायम झालो. एकएक खांब मी उभा केला, एकएक घरात तार मी नेली. फोन लागला की लोक पेढा द्यायचे, म्हनायचे नागनाथ, तुज्या हाताला यश हाय. त्या वक्ताला भाव सरकारचा, रेशनसारका. भाडं ठरल्यालं, कॉलचा दर ठरल्याला, कमी न्हाई आन् जास्त न्हाई, कुनी कुरकुर करायचं न्हाई.

लेक शिकली. दहावीला चांगले मार्क पडले आन् आमी तिला लातूरला क्लासला घातली. त्या वक्ताला लातूरला नुसती लेकरंच लेकरं, गल्लीगल्लीत क्लास, खोलीखोलीत चारचार पोरी. ऐतवारी ती फोन करायची तर बूथवर रांग, मागचं लेकरू म्हनायचं ताई आवर, मंग ही घाईघाईत सांगायची आप्पा मी बरी हाय, जेवले, ठिवते. तेवढ्यासाठी मी सकाळपून फोनजवळ बसून राहायचो.

मंग एका मीटिंगला सायबानं सांगितलं की आता भाव मोकळे झाले, ज्याला जो परवडंल तो त्यानं लावावा, स्पर्धा हाय, आपुन लोकांशी गोड बोलायचं. लातूरला रस्त्यावर छत्र्या लावून पोरं मोबाइलची कार्डं इकून राहिली, आज ह्याचा भाव उतरला, उद्या त्याचा. लेकीनंबी मोबाइल घेतला. मी म्हनलं बाई, लाइनमनची लेक तू. ती म्हनली लाइनमनची लेक हाय म्हनून जास्त पैशे देऊ का आप्पा. खरं बोलली.

आमच्या गावाच्या माळावरबी एका कंपनीचा टावर झाला. झालं, लोक अर्ज घेऊन यायला लागले. फोन बंद करायचा असला की गिऱ्हाइकानं अर्ज द्यायचा, मी घरी जाऊन फोनचा डबा काढून आनायचा, आन् डबा आन् अर्ज दोनीबी हापिसात पोचते करायचे. ज्या हातानं लावला त्याच हातानं काढायचा. तवर सायबानं निरोप धाडला की एवढे कनेक्शन राहिले तर ठीक, त्याच्या खाली गेले तर तुमचं एक्स्चेंज बंद. मी मोजले. दहा-अकरा घरांचा प्रश्न व्हता.

मंग मी काय केलं. मी अर्ज घेतले, डबे आनले, डबे एक्स्चेंजच्या कपाटात ठिवले, आन् अर्ज माझ्या पिशवीत. हापिसात दिलेच न्हाईत. कागदावर सगळे फोन चालू. मनाला म्हनलं आज ना उद्या ह्या कंपन्यांची मस्ती जिरंल, लोक परत येतील, तवर आपुन हे तगवू. पैशासाठी न्हाई केलं हो. पन लबाडी ती लबाडीच. बिलं यायला लागली, लोक ईचारायचे, मी सांगायचो फाडून टाका, हापिस हळू चालतंय. लोक फाडायचे. माझ्यावर इश्वास ना.

त्यातला एक अर्ज गुरुजींचा व्हता. गुरुजी म्हंजे आमच्या शाळेचे, मलाबी तेच शिकवायला व्हते, अर्ध्या गावाला त्यांनीच बाराखडी शिकवली. भूकंपाच्या दिवशी पहार घेऊन सुलोचनाला भाईर काढलं ते गुरुजींनीच, त्यांच्या हाताची नखं निघाली व्हती. पेन्शनवर व्हते, पोरानं पुन्याहून मोबाइल धाडला, म्हनून अर्ज दिला. सुंदर अक्षरात, खाली सही. मला म्हनले नागनाथ, वाईट वाटून घेऊ नकोस. मी तो अर्ज घडी करून पिशवीत टाकला.

दीड-दोन वर्सं गेली. एक दिवस लातूरहून थकबाकीवाल्यांची यादी आली, शिक्का मारलेली, संगट हुकूम की पंचायतीच्या भिंतीला डकवा. वाचली तर त्यात माझ्या पिशवीतली सगळी नावं. वरून तिसरं गुरुजींचं. खोडावं तर सायब ईचारणार का खोडलं. न्हाई डकवावी तर हुकूम. तवाच सायबापुडं जाऊन पाय धरायला पायजे व्हते, नोकरी गेली असती, जाऊ द्यायची. पन मी भ्यालो. खळ लावून यादी पंचायतीच्या भिंतीला डकवली, दाराच्या आडोशाला, म्हनलं कोन वाचतंय.

शाळा सुटल्यावर पोरांनी वाचली. मोठ्यानं, एकएक नाव. गुरुजी त्याच रस्त्यानं दळन घेऊन चालले व्हते. थांबले, चष्मा लावला, स्वतः वाचलं. मंग दळन घेऊन घरी गेले. सांजच्याला मीच त्यांच्या घरी गेलो आन् पिशवी त्यांच्यापुडं उपडी केली. अर्ज उचलून त्यांनी उलटापालटा केला, तारीख बगितली. मी रडून राहिलो, म्हनलं गुरुजी, गावात फोन राहावा म्हनून केलं, त्या दिवशी फोन असता तर माझी सुलोचना गेली नसती. त्यांनी अर्ज घडी करून खाली ठिवला. मंग म्हनले, नागनाथ, त्या दिवशी मी फोनची वाट पाहिली नाही. मी धावत आलो. तू माझ्याकडे नुसता चालत आला असतास, खरं सांगितलं असतंस, तर मी जन्मभर फोन ठेवला असता. आता जा तू.

रातीतनं पिशवीची गोष्ट गावभर झाली, दुसऱ्या दिवशी सकाळी गाव एक्स्चेंजवर आलं. ज्यांचा अर्ज व्हता ते आले, ज्यांचा न्हवता तेबी डबे काखेत घेऊन आले आन् पायरीवर ठिवून गेले. शिव्या कुनी दिल्या न्हाईत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. करायला गेलो गनपती आन् झाला मारुती. महिन्याभरात एक्स्चेंज बंद, मला मेमो आन् बदली, थेट अर्धापूरला, केळीच्या बागांतून तारा वडायला. थकबाकी मी माझ्या पगारातून भरली, ते सांगन्यासारकं न्हाई.

आन् गंमत बगा, सरकारी फोन गेला तसं माळावरल्या कंपनीनं आमच्याकडली स्वस्ताची स्कीम काढून टाकली. लातूरला पाच-सहा कंपन्या, तिथं भाव पडून राहिला, आमच्या गावात एकच टावर, तिथं भाव चढला. भाव मोकळे म्हंजे असे मोकळे. घरात रेंज न्हाई, गच्चीवर जाऊन बोलायचं. लोक म्हनायचे नागनाथनं एक्स्चेंज बुडवलं. आता मी कुनाला काय सांगू, लोक खोटं न्हाई बोलत.

मुदतीआधीच रिटायर होऊन परत आलो. दहा वर्सं गुरुजी माझ्या दारावरून देवळात जायचे, मान वळवायचे न्हाईत. मी रोज त्या वक्ताला उंबऱ्यात उभा राहायचो. मागल्या साली ते गेले. मी खांदा द्यायला पुडं झालो तर त्यांच्या पोरानं माझा हात धरला, हळूच म्हनला, तात्या, बाबा सांगून गेलेत, तुम्ही नको. मी हाव म्हनलं. मंग सगळ्यांच्या मागून चालत गेलो, वाटंत चप्पल तुटली तर तशीच सोडली.

लेक नांदेडला हाय, नर्स, सुखात हाय. आता बोलनं फुकट झालंय तर रोज फोन करती, आप्पा जेवले का ईचारती. मी जेवलो म्हनतो. पुडं काय बोलावं ते मला सुचत न्हाई, मंग तीच ठिवती.

तुमी लांबून आलात, माझ्यासारक्याचं बसून ऐकलं, देव तुमचं भलं करो, लेकराबाळांना सुखात ठिवो. सगळं लिवा, माझं नाव घाला, गावाचं घाला. गुरुजींचं नाव तेवढं लिवू नका. एकदा माझ्या हातानं लागलंय ते भिंतीला.