कार्टूनमधले दोघं

सोलापूर स्टँडवर करकंबच्या गाडीची वाट बघत होतो. मागच्या बाकावर एक बाई अन् तिची सात-आठ वर्षांची मुलगी बसली होती.

"मम्मी, कार्टूनमधल्या उडणाऱ्या सुपरहिरोचं दुसऱ्या सुपरहिरोवर प्रेम हाय."

"हळू बोल."

"दोघं एकाच घरात राहतात. पुण्यात आपला मामा अन् प्रणीतकाका राहतात तसंच."

"हे आजोळी आप्पांपुढं बोलायचं न्हाय. उद्या मामासाठी मुलगी बघायला जायचंय."

"बोललं तर काय हुतंय?"

"आप्पा मामाला जिता ठेवणार न्हाईत. गळ्याला हात लाव, माझी शपथ घे."

"पण आप्पांनीच काल फोनवर विचारलं की, कार्टूनमध्ये काय बघतीस म्हणून. मी सगळं सांगितलं."

"मामाचं पण?"

"व्हय."

"काय म्हणले?"

"मामा कितीच्या गाडीनं येतोय, तेवढंच विचारलं."