एक नंबरची चिठ्ठी

आदरणीय अध्यक्षसाहेब, व्यासपीठावर बसलेले शिक्षणाधिकारी साहेब, संस्थेच्या सचिव ताई, ज्यांना निरोप द्यायला आपण सगळे जमलो आहोत त्या आमच्या मुख्याध्यापिका बाई, माझे सहकारी, पालक मंडळी, आणि मागच्या दारापाशी उभं राहून हा किती वेळ खाणार याचा अंदाज बांधणारे आजी-माजी विद्यार्थी,

मी चित्रकलेचा मास्तर. बोलणं हा माझा प्रांत नाही. मला पाच मिनिटं दिली आहेत, आणि बाईंसमोर पाच म्हणजे पाच. मुलं त्यांना उगाच घड्याळबाई म्हणत नाहीत. हो बाई, म्हणतात. तुम्हाला ठाऊक नाही असं समजून म्हणतात. पण आज सत्कार तुमचा आहे, त्यामुळे आज तरी माझ्यावर घड्याळ रोखू नका.

आत्ताच अध्यक्षसाहेबांनी मानपत्र वाचलं. मजकूर सुरेख आहे, अक्षर माझंच आहे, त्यामुळे नावं ठेवायची सोय नाही. पण त्यातलं एक वाक्य लिहितानाच माझा हात अडखळला होता. 'मतदान हे नागरिकाचे पवित्र कर्तव्य आहे, हा विचार बाईंनी घराघरांत पोहोचवला.' तुम्ही टाळ्या वाजवल्या. मी बाईंकडे बघत होतो. त्यांनी मान खाली घातली. तुम्हाला तो विनय वाटला असेल. तो विनय नव्हता, आणि तो काय होता हे सांगितल्याशिवाय माझ्यानं खाली बसवणार नाही.

आपली शाळा म्हणजे दर निवडणुकीचं मतदान केंद्र, हे तुम्हाला माहीत आहे. ज्या शाळेत केंद्र, त्याच शाळेचे शिक्षक कामाला, अशी आपल्याकडची रीत. बाई केंद्राध्यक्ष आणि मी बोटाला शाई लावणारा. ज्याला रंगात हात घालायची सवय त्याच्याच गळ्यात शाईची बाटली! वर्षानुवर्षं मी या गावाची बोटं पाहत आलो. चेहरे विसरतो, बोटं विसरत नाही.

आणि वर्षानुवर्षं आमचं भांडण. बाई म्हणायच्या, मत देणं हे कर्तव्य. मी म्हणायचो, हक्क आहे ना, मग हक्क वापरायचा की नाही हे माझं मी बघीन. कर्तव्य म्हटलं की मला आपलं पहाटेच्या कवायतीची आठवण येते. शिवाय उभे राहणारे सगळे सारखेच. दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात, म्हणून काय विटेवर डोकं आपटून घ्यायचं? यावर बाई एकदा म्हणाल्या होत्या, "मास्तर, डोकं तुमचं आपटणारच आहे. कशावर ते कुणी विचारतंय, तर निदान सांगून तरी या." आहे की नाही जिभेला धार? शिक्षक-खोलीत मी आठवडाभर तोंड लपवून फिरत होतो.

तर अशाच एका निवडणुकीच्या आधी आपल्या शाळेत पालकसभा होती. याच सभागृहात. बाई बोलल्या, नेहमीसारख्या छान बोलल्या. शेवटी कुणाला काही विचारायचंय का म्हणाल्या, तर मधल्या रांगेतून एक बाई उठली. लाँड्रीत इस्त्रीचं काम करायची. तिची मुलगी आपल्या प्राथमिक वर्गात होती. मी तिला ओळखत होतो, कारण इतर पालक गणिताचे मार्क विचारायला येतात आणि ही एकदा मुलीचं चित्र बघायला आली होती. चित्र धरताना अंगठ्याजवळचा भाजल्याचा डाग दिसला होता. कागदाला चुणी पडू नये म्हणून तिनं तो खालून तळहातावर तोलून धरला होता.

ती उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, पण घरून नको म्हणत असतील तर?"

सगळं सभागृह वळून बघायला लागलं. बाई म्हणाल्या, "घरचे घरी. शिक्का मारायच्या आडोशामागं तुमच्याबरोबर कुणीही येऊ शकत नाही. तिथं तुम्ही एकट्या. मत तुमचं आणि कर्तव्यही तुमचंच. तुम्ही या. मी आहे ना तिथं."

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. मीसुद्धा वाजवल्या. आता सांगा, त्यात बाई काय चूक बोलल्या?

मतदानाच्या दिवशी ती दिवसभर आली नाही. आता इथं मला तुम्हाला आमच्या कामातली एक पद्धत सांगितली पाहिजे. वेळ संपली की फाटक लावतात. पण फाटकाच्या आत जी माणसं रांगेत असतील त्यांचा हक्क जात नाही. केंद्राध्यक्ष त्यांना नंबर घालून, सही करून चिठ्ठ्या देतात, आणि चिठ्ठ्या असलेल्या सगळ्यांचं मत होईपर्यंत खोली बंद करता येत नाही. या चिठ्ठ्या शेवटून वाटायच्या असतात. रांगेतल्या शेवटच्या माणसाला एक नंबर, त्याच्या पुढच्याला दोन, असं करत दारापर्यंत यायचं. पुढून वाटत गेलं तर शेपटाला आणखी चार जण हळूच येऊन चिकटतात ना! नियम करणारा पक्का हुशार असणार. फक्त शेवटच्या माणसाच्या मागं कोणीच नसतं, एवढं त्याच्या डोक्यात आलं नाही.

फाटक लागता लागता ती धावत आत आली. कामाच्या कपड्यांतच. बाई चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन रांगेच्या शेवटाला गेल्या, तर शेवटी ही उभी. बाईंनी मला नंतर सांगितलं, ती धापा टाकत होती आणि हसत होती. म्हणाली, "बाई, आले बघा मी. तुम्ही म्हणाला होतात ना?" बाईंनी तिच्या हातात एक नंबरची चिठ्ठी ठेवली आणि म्हणाल्या, "ही जपून ठेवा. ही हातात असेपर्यंत तुमच्यासाठी दार बंद होत नाही." आणि मग पाठ फिरवून दोन नंबर, तीन नंबर करत पुढं आल्या.

रांग सरकत गेली. मी बोटं रंगवत राहिलो. दोन नंबर आला, त्याचं मत झालं आणि तो गेला. पुढचं बोट माझ्यासमोर आलंच नाही.

बाई व्हरांड्यात गेल्या आणि मोठ्यानं हाक मारली. "एक नंबर!" व्हरांडा मोकळा होता. पुन्हा हाक मारली. शिपाई वर्गांच्या मागं बघून आला, पाण्याच्या टाकीपाशी बघून आला. फाटकावरच्या पोलिसाला विचारलं, तर तो म्हणाला, "एक बाई गेली की मघाशी बाहेर. बाहेरून कुणीतरी माणसानं हाक मारली, ती गेली. मला आत येणाऱ्याला अडवायला सांगितलंय, बाहेर जाणाऱ्याला कशाला अडवू?" त्याचंही खरं होतं. आणि तिच्या पुढचा तो दोन नंबरवाला, तो आपला दाराकडं तोंड करून उभा. रांगेत माणूस पुढंच बघतो हो. मागं बघायला मागं कुणी असावं लागतं.

आम्ही म्हटलं, बाई, गेली असेल घरी, पेटी बंद करू या. बाई म्हणाल्या, "दार बंद होत नाही असं सांगितलंय मी तिला." आणि खुर्ची उंबऱ्यात ओढून बसल्या. घड्याळबाई! शेवटी पेट्या न्यायला गाडी आली, वरच्या साहेबांनी सगळ्यांसमोर बाईंना फाडून खाल्लं, तेव्हा खोलीला कुलूप लागलं.

दुसऱ्या दिवशी तिची लेक वेणी न घालता शाळेत आली. बाप म्हणाला, बायको माहेरी गेली. माहेरचे म्हणाले, इकडं आलीच नाही. पोलीस आले, चौकशी झाली, नदीच्या काठानं शोधलं. पुढं बापही गाव सोडून गेला. पोरीला मावशीनं सांभाळलं. त्या बाईचं काय झालं, ते आजपर्यंत कुणालाही माहीत नाही. मला अंदाज करवत नाही, आणि खरं सांगतो, अंदाज केल्याशिवाय राहवतही नाही.

त्यानंतर बाईंच्या तोंडून 'कर्तव्य' हा शब्द मी ऐकला नाही. कुठल्या सभेत नाही, वर्गात नाही. आमचं भांडण मिटलं. मी जिंकलो, असं म्हणा हवं तर. असली जीत वैऱ्यालाही नको.

आणि बाईंनी आणखी एक केलं. पुढच्या निवडणुकीपासून त्यांनी चिठ्ठ्या दोनपासून वाटायला सुरुवात केली. एक नंबर लिहायच्या, सही करायच्या, आणि स्वतःजवळ ठेवायच्या. सगळ्यांची मतं झाली की व्हरांड्यात जाऊन हाक मारायच्या. "एक नंबर!" थोडं थांबायच्या. मग पेटी बंद. एकदा नवीन आलेल्या निरीक्षकांनी हटकलं, "मॅडम, एक नंबर कुठाय?" बाई म्हणाल्या, "दिलेला आहे." त्यांनी वहीत तसं लिहून घेतलं.

ती हाक माझ्या कानात बसली आहे. बँकेत टोकन घेऊन बसलेलो असतो आणि खिडकीतून 'एक नंबर' असं ऐकू आलं की माझी नजर दाराकडं जाते. दर निवडणुकीला समोर आलेल्या प्रत्येक हाताचा अंगठा मी आधी बघतो. भाजल्याचे डाग पुष्कळ दिसतात. या गावात पुष्कळ बायका भाजतात, हेही मला तेव्हाच कळलं.

बाई, आता तुमच्याशी बोलतो. आपल्या शिक्षक-खोलीत हे मला कधी बोलता आलं नाही. तुम्हाला वाटतं, तुम्ही तिला बोलावलं म्हणून ती गेली. तुमच्या कर्तव्यानं तिचा घात केला. मी तुमच्या विरुद्ध पक्षाचा माणूस, म्हणून माझं ऐका. एका मतानं काय होतं, असं मी आयुष्यभर म्हणत आलो. त्या संध्याकाळी फाटकाबाहेर एक माणूस उभा होता, त्याला ते एक मत इतकं जड वाटलं की त्यानं आपल्या बायकोला भर रांगेतून बाहेर बोलावून नेलं. फुकट गोष्टीसाठी कुणी एवढं करतं का? मताची किंमत मला तुमच्या भाषणांतून कळली नाही, त्या हलकटाकडून कळली. आणि पाप त्याचं आहे, बाई. हाक मारून बाहेर काढणाऱ्याचं आहे. 'आत या' म्हणणाऱ्याचं नाही.

पण एक अर्धं राहून गेलं होतं. मत द्यायला येणं हे तिचं कर्तव्य, ठीक. मग ती येऊ शकेल, आणि आलेली परत जाईपर्यंत कुणाची तरी नजर तिच्यावर राहील, हे कुणाचं कर्तव्य? ते आपल्या सगळ्यांचं होतं. आपण टाळ्या वाजवल्या आणि आपापल्या घरी गेलो.

आता शेवटचं सांगतो. यंदाची निवडणूक. बाईंची शेवटची. फाटक लागलं, बाई गठ्ठा घेऊन शेवटाला गेल्या. शेवटी एक तरुण मुलगी उभी होती. पहिलंच मत. बाईंनी तिला ओळखलं. न ओळखून कसं चालेल, आपल्याच शाळेत शिकून बाहेर पडलेली. दुपारभर ती फाटकाबाहेरच्या बाकावर बसून राहिली होती, शेवटची यायचं म्हणून. बाईंनी तिच्यापुढं दोन नंबरची चिठ्ठी धरली. ती म्हणाली, "बाई, मला एक नंबर द्या."

"तो दिलेला आहे, बाळ."

"माहीत आहे. आईचं लेकीकडं येतं ना?"

बाईंनी तो काढून दिला. हे मी खोलीतून, उघड्या खिडकीतून ऐकत होतो. मग ती मुलगी म्हणाली, "आणि बाई, तुम्ही पुढं जाऊ नका. माझ्या मागं थांबा."

आमच्या केंद्राध्यक्षांनी उरलेल्या चिठ्ठ्या शिपायाच्या हातात दिल्या, पुढं वाटायला सांगितल्या आणि स्वतः रांगेत उभ्या राहिल्या. तिच्या मागं. रांग पाऊल पाऊल सरकत होती आणि या दोघी सरकत होत्या. फाटकाबाहेर कुणाच्या चपला वाजल्या की बाई मागं वळून बघायच्या. मी बघत होतो. त्या मुलीनं मात्र एकदाही मागं पाहिलं नाही.

ती माझ्यासमोर आली, बोट पुढं केलं. मी काडी जरा जास्तच बुडवली, शाई नखावरून पार सांध्यापर्यंत ओघळली. मी म्हटलं, जास्त लागली गं पोरी. ती म्हणाली, "असू दे सर. दोघींची आहे."

त्या दिवशी पेटी बंद करण्यापूर्वी बाई व्हरांड्यात गेल्या. मला वाटलं, आज हाक मारणार नाहीत. मारली. "एक नंबर!" तशाच थांबल्या. आणि आतून, शाई वाळवत उभ्या असलेल्या त्या मुलीनं उत्तर दिलं, "झालं, बाई."

ती मुलगी आज इथं आली आहे. शेवटच्या रांगेत बसली आहे. कृपा करून कुणी वळून बघू नका.

अध्यक्षसाहेब, पाचाची किती मिनिटं झाली ते मी विचारत नाही, आपण ती होऊ दिलीत म्हणून आभार मानतो. संस्थेनं मला बोलायला उभं केलं, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं, सगळ्यांचा ऋणी आहे. सत्काराच्या दिवशी काय हे काढलं असं कुणाला वाटलं असेल, बोलण्याच्या भरात कुणाचा मान ठेवायचा राहिला असेल, तर मास्तरचा ब्रश घसरला समजा आणि पदरात घ्या.

एकच विनंती. कार्यक्रम संपला की बाई सवयीप्रमाणे सगळे बाहेर पडेपर्यंत थांबतील, दिवे मालवतील आणि मग एकट्याच निघतील. आज तुम्ही सगळे पुढं व्हा. बाईंच्या मागं मी थांबतो.